पाच पानांचं स्पष्टीकरण

१२ सप्टेंबर

पुन्हा नाही जमलं!

माझ्या मार्गदर्शक तासेवा बाई म्हणाल्या, "दोन वाक्यांत सांगा, इस्क्रेन. तुमचं पुस्तक कशाबद्दल आहे?" मी सात मिनिटं बोललो. घड्याळ त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवरच होतं, म्हणून माहीत. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला शोकपत्रकं कळली. माणूस कळला नाही."

पदवीसाठी पुस्तक लिहायचं, ते ठीक. पण त्याबरोबर पाच पानांचं स्पष्टीकरणही द्यायचं – काय लिहिलं, का लिहिलं, असंच का लिहिलं. आणि पुस्तक पुरं व्हायच्या आधी! वीस नोव्हेंबर ही शेवटची तारीख. पुढे काय होणार हे मलाच ठाऊक नाही, तर स्पष्टीकरण कुठून आणू? बाकीच्यांना जमतं. ते रोज वर्गात बसून शिकलेले. मी दहावीला शाळा सोडलेला, पुढे संध्याकाळच्या शाळेतून कसाबसा बारावी, आणि आता ही बाहेरून पदवी – वर्षातून तीनदा सोफियाला जायचं, बाकी घरी. त्यांच्याकडे मोठे शब्द तयार असतात. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन आहे.

परतताना ब्रुसार्त्सीला गाडी बदलायला पाऊण तास बसलो. वहीत लिहिलं, 'ही एका घराची गोष्ट आहे.' खोडलं. कुठल्याही पुस्तकाबद्दल म्हणता येईल असं. 'हा शोकपत्रकांचा संग्रह आहे.' खोडलं. मग मी काम करतो त्या छपाईच्या दुकानातली फाइलच नेऊन द्यावी त्यांना!

लोमला उतरलो तेव्हा चार वाजले होते. पान कोरंच.

१३ सप्टेंबर

दुकानात आज नऊ शोकपत्रकं. तीन ताजी, दोन मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची, चार पुण्यतिथीची. लोमला लग्नपत्रिका छापायला शेवटचं कोण आलं होतं ते मालक गेंचो काकांना आठवत नाही. तरणे सगळे जर्मनीत नाहीतर स्पेनमध्ये. म्हातारे इथे, आमच्या गिऱ्हाइकांत.

काम तेच. घरची माणसं फोटो आणतात, मी मजकूर जुळवतो, काळी चौकट टाकतो, तारखा दोनदा तपासतो. कागद दाराजवळच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवतो. पेना मावशी खळीची बादली घेऊन येते, ट्रेमध्ये असेल ते उचलते आणि लावून येते – मेलेल्याच्या इमारतीचं दार, बस थांबा, बाजाराचं फाटक, चर्चची भिंत. काही विचारत नाही. वीस वर्षं हेच.

गेंचो काकांना पुस्तकाचं कळलंय. "अरे, इथेच छाप की! कागद तोच, वाचणारे तेच, मावशी लावून पण येईल!" आणि खो खो हसले. मी पण हसलो. काय करणार.

१५ सप्टेंबर

रविवार. मागच्या अंगणात आई मिरच्या भाजत होती. यंदा वीस किलो, हिवाळ्यासाठी बाटल्यांत भरायला. मी सालं काढली. बोटं अजून चुरचुरतायत.

आईने विचारलं, "तुझं ते लिखाण कशावर आहे?"

"दुकानावर."

"दुकानावर काय लिहायचं?"

खोटं बोललो. पूर्ण खोटं नाही – पण खोटं.

मग मिन्का काकू अंगणात आली, खालच्या मजल्यावरची. मिरच्यांच्या हंगामात येतेच. "नेदा, एवढ्या बाटल्या कुणासाठी? स्पेनहून काही खबर?" आई म्हणाली, "त्याला काम फार असतं." काकू म्हणाली, "असणारच. चौदा वर्षं झाली, साठलं असेल!" आणि एक भाजलेली मिरची तोंडात टाकून निघून गेली. आईने चिमट्याने पुढची मिरची उलटली. हा प्रश्न दर वर्षी. हे उत्तर दर वर्षी.

बाबा स्पेनला गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. तिथल्या प्लास्टिकखालच्या शेतांत टोमॅटो तोडायला. तीन वर्षं दर रविवारी फोन यायचा. मग एका रविवारी आला नाही. आम्ही केला तर नंबर बंद. त्या भागात काम करून आलेल्या दोघांना विचारलं. एकाने खांदे उडवले, दुसरा म्हणाला, पाहिला नाही. बस.

दुकानात लागलो तेव्हा पाहिलं – माणूस मेला की लोकांकडे कागद असतो. चाळिसाव्याला कागद, वर्षाला कागद, दहा वर्षं झाली तरी कागद. आमच्याकडे एकही नव्हता. म्हणून मी लिहायला लागलो. ते गेल्यापासूनच्या दर वर्षाचं एक. चौदा होणार. नऊ झालीत. हेच पुस्तक.

हे बाईंना सांगता येत नाही. तोंड उघडलं की 'मौखिक परंपरा' वगैरे बाहेर पडतं. कुठून शिकलो कोण जाणे.

२२ सप्टेंबर

बाईंचं पत्र. छापून ट्रंकेत ठेवणार, इतकं सरळ आहे. "तुमच्या नऊ पत्रकांत एकही मृत्यूचं नाही. सगळी आठवणीचीच. पहिला कागद कुठे आहे? हा माणूस मेला आहे की जिवंत? तुम्ही एवढं एक ठरवा, मग स्पष्टीकरण आपोआप लिहून होईल. न ठरवता वाचकाला ताटकळत ठेवणं ही कला नाही, भित्रेपणा आहे."

भित्रेपणा. शब्द बरोबर लिहिलाय. बाकीही बरोबरच असावं.

२४ सप्टेंबर

दोन पानं लिहिली, फाडली.

२९ सप्टेंबर

आईने बाटल्या मोजून कपाटात लावल्या. सत्तावीस. दोन माणसांना! दर वर्षी तिसऱ्याच्या वाट्याच्या भरते आणि मार्चमध्ये शेजारी वाटते.

२ ऑक्टोबर

मारलं.

जेवणाच्या सुट्टीत बसून एका दमात लिहिलं. 'अत्यंत दुःखाने कळवतो की आमचे प्रिय पती आणि वडील वेन्को त्सोलोव –' वय बावन्न. तारीख आजची, कारण तारखेशिवाय शोकपत्रक होत नाही. नाव नंतर बदलेन. फोटोही नंतर बदलेन. पण चौकटीत कसं दिसतं ते बघायला खरा चेहरा हवा होता. धक्क्यावरचा घेतला, डॅन्यूबकाठचा. त्यात ते सरळ बघतायत.

खाली दोनच ओळी लिहिल्या – 'तुम्ही कुठेही असलात तरी आम्ही जेवायला बसताना खुर्ची सरकवून ठेवत होतो. आता ठेवणार नाही.'

रडलो नाही. अक्षरांमधलं अंतर तपासत होतो.

३ ऑक्टोबर

चार प्रती काढल्या, दुकानाच्या नेहमीच्या कागदावर. बाईंना मूळ आकारात दाखवायच्या आहेत. एका प्रतीत चौकट पुसट. बाकी तीन ठीक.

४ ऑक्टोबर

झालं ते क्रमाने लिहितो.

काल फोटोची शाई ओली होती. ओले कागद मी एकावर एक ठेवत नाही – डाग पडतो. दुकानात सपाट जागा एकच, दाराजवळचा ट्रे. त्यात चारही पसरले. सकाळी आल्यावर उचलणार होतो. सकाळी गेंचो काकांनी दारातूनच नगरपालिकेत पिटाळलं, फॉर्म पोचवायला. तासाभराने आलो तर ट्रे रिकामा.

पेना मावशी!

धावत बस थांब्यावर गेलो. बाबा. बाजाराच्या फाटकावर बाबा. मावशी चर्चजवळ भेटली, बादली खाली ठेवून डोळे पुसत होती. "अरे लेकरा, सांगायचं नाही का रे? ट्रेमध्ये वेन्कोच दिसला. याच हातांनी त्याला बाप्तिस्म्याला नेलं होतं! तुमच्या दारावर मीच नीट लावलाय, चारही कोपरे दाबून. पैसे घेणार नाही हां मी."

म्हणालो, "मावशी, ते –"

तिने मला छातीशी धरलं. खळीचा वास.

घरी गेलो. दार उघडं. चार बाया बसलेल्या, मध्ये आई. डोक्याला काळा रुमाल. मिन्का काकू तिच्या पायाशी स्टुलावर, तिचा हात हातात घेऊन – मिन्का काकू! टेबलावर कुणीतरी गरम पाव ठेवला होता. मी दारातच उभा. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काकू म्हणाली, "बघा, एकट्याने सोसलंन पोराने. आईला सांगवेना, म्हणून कागद लावला."

मी आईकडे बघितलं. आत्ता सांगायचं. चूक झाली. अभ्यासाचा कागद आहे. बाबांचं आपल्याला काहीच ठाऊक नाही. एवढी तीन वाक्यं!

आई म्हणाली, "बूट काढ. लोक आलेत."

मी बूट काढले.

५ ऑक्टोबर

सांगितलं नाही. दिवसभर माणसं.

६ ऑक्टोबर

आज सांगणारच होतो. दुपारी दोघंच होतो. आई शांतपणे म्हणाली, "चाळिसावा दहा नोव्हेंबरला येतो. चर्चमध्ये सांगून आलेय." तिने कागदावरची तारीख धरून बोटांवर मोजलं होतं. माझी बनावट तारीख!

ती मला एकही प्रश्न विचारत नाही. कसे गेले, कुणी कळवलं, कुठे पुरलं – काहीच नाही. धक्का बसल्यावर माणसं अशी गप्प होतात, दुकानात पाहिलंय. जितकी ती गप्प, तितकं माझं तोंड बंद.

पाच पानांचं सोडा. मला स्वतःच्या आईला तीन वाक्यांचं स्पष्टीकरण देता येत नाही.

९ ऑक्टोबर

एक विचित्र गोष्ट. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

आई बरी आहे.

बाजारात तिला लोक वाट देतात. बेकरीतल्या बाईने खुर्ची आणून दिली. "बस नेदा, उभी नको राहू." चौदा वर्षं तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. चौदा वर्षं ती रस्त्याच्या कडेकडेने, पिशवी छातीशी धरून चालायची. आता मधून चालते. काल मिन्का काकूला म्हणाली, "मीठ जास्त झालंय तुझ्या सूपमध्ये." आणि काकू म्हणाली, "हो गं, झालंय खरं."

मी हे काढून घेऊ? कुठल्या तोंडाने?

१४ ऑक्टोबर

बाईंना नवं पत्रक पाठवलं. झालं ते सांगितलं नाही. उत्तर एका ओळीचं – "आता पुस्तकाला पाया मिळाला. स्पष्टीकरण लिहा."

रस्त्यावर ओळखीचे टोपी काढतात. मला! गावातल्या कुणीतरी कागदाचा फोटो इंटरनेटवर टाकलाय. जर्मनीतून, इटलीतून लोक खाली मेणबत्त्यांची चित्रं टाकतायत. एकशे बारा.

२१ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो. एकही शब्द जास्त नाही.

सकाळी साडेदहा. गेंचो काका बँकेत. फोन वाजला. आमच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी दुकानाचा नंबर असतो.

"छपाईचं दुकान?"

"हो, बोला."

"एक कागद पाहिला. इंटरनेटवर. तो... कुणी दिला छापायला?"

मी ओळखलं. आवाज जाड झालाय, शब्दांचे शेवट तिकडच्यासारखे ओढतात, पण ओळखलं. म्हणालो, "मी. इस्क्रेन."

मागे बाईचा आवाज, स्पॅनिशमधला. दार लावल्याचा आवाज.

"तू इथे काम करतोस?"

"हो."

"मोठा झालास."

म्हणालो, "तो कागद खरा नाही. चुकून लागला. मी एक पुस्तक लिहितोय, पदवीसाठी."

"कशाचं?"

आणि मी सांगितलं! अडखळलो नाही. "हे एका बाईबद्दल आहे. तिचा नवरा मेला की जिवंत, ते तिला ठाऊक नाही. मेलेल्यांसाठी लोकांकडे कागद असतो, तिच्याकडे नाही. म्हणून तिचा मुलगा दर वर्षाचं एक लिहितो."

चार वाक्यं. बाईंना जे सात मिनिटांत सांगता आलं नाही, ते बाबांना चार वाक्यांत सांगितलं.

ते म्हणाले, "चांगलं आहे रे." मग म्हणाले, "ते खुर्चीचं... खरं आहे?"

"हो."

श्वासाचा आवाज. "इथे मला दोन मुली आहेत. मोठी नऊ वर्षांची."

नऊ. वजाबाकी केली. हात आपोआप कागदावर आकडे लिहीत होता.

"मी कागद काढतो सगळीकडचे," म्हणालो. "आजच काढतो. चूक झाली असं छापतो."

"नको," ते म्हणाले. घाईघाईने. "राहू दे. तसंच राहू दे. तुझ्या आईला सोपं जाईल."

मी विचारलं, "आईला की तुम्हाला?"

"माझ्याबद्दल एवढं बरं कुणी लिहिलं नव्हतं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकानाच्या फोनवर नंबर दिसतो. मी तो लिहून घेतला नाही. एका बाईंना झेरॉक्स हवी होती, पाठपोट. करून दिली.

२२ ऑक्टोबर

जिवंत आहेत.

२५ ऑक्टोबर

आईला सांगायचं की नाही?

सांगितलं तर – तो जिवंत आहे, दुसरं घर आहे, तू मेली असल्यासारखा तुला विसरला आणि स्वतः मेलेला राहायला तयार आहे. मग बेकरीतली खुर्ची गेली. मिन्का काकू परत स्पेनची खबर विचारायला मोकळी. आणि हे सगळं माझ्या ओल्या शाईमुळे.

न सांगितलं तर ती एका जिवंत माणसासाठी काळं घालून बसणार, आणि मी रोज तिच्यासमोर जेवणार.

आज रात्रीचं जेवण म्हणून भाजलेल्या मिरच्या, चीज. आई म्हणाली, "जेवत नाहीस हल्ली." म्हणालो, "लिखाणाचं टेन्शन." म्हणाली, "एवढं कठीण असतं का स्वतःच लिहिलेलं समजावून सांगणं?"

"हो."

"मग नको समजावूस. त्यांना वाचू दे."

खुर्ची मात्र तिने खरंच भिंतीला लावली आहे. माझ्या दोन ओळी वाचून. त्यावर आता धुतलेले टॉवेल असतात.

३० ऑक्टोबर

स्पष्टीकरण पाठवलं. पाच पानं नाहीत, अडीच. सुरुवात फोनवरच्या चार वाक्यांनीच केली, तशीच्या तशी. शेवटी लिहिलं, 'या पुस्तकातला माणूस मेला आहे.' आधी पेन्सिलीने. मग शाईने. मग टाइप केलं.

सही करताना वाटलं, हे मी बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं. पुस्तकातल्या माणसाने लेखकाला मजकूर सांगितला. हे परीक्षक मंडळाला कसं समजावणार!

पुढची पत्रकं सुचत नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल भरपूर सुचायचं. जिवंत माणसाबद्दल एक ओळ येत नाही.

४ नोव्हेंबर

बाईंचा फोन. स्वतःहून! "इस्क्रेन, हे आता उभं राहिलं. ती बाई मला दिसली. तिचं न कळणं – तेच तुमचं पुस्तक आहे. फक्त एक सांगा, हे तुमच्या घरातलं आहे का?"

"हो."

"आईने वाचलंय?"

"नाही."

"मग आधी त्यांना वाचायला द्या. मंडळ नंतर."

देतो म्हणालो. देणार कसं?

७ नोव्हेंबर

छापील प्रत तीन दिवस पिशवीत घेऊन फिरतोय. आज टेबलावर ठेवली. आईने वरचं पान वाचलं, चष्मा न लावता, कागद लांब धरून. ते चार वाक्यांचं पान. दोनदा वाचलं असावं. एकदा वाचायला इतका वेळ लागत नाही.

मग प्रत घडी न करता परत दिली. "चाळिसावा होऊ दे," म्हणाली. "मग बोलू."

चाळिसाव्यानंतर सांगेनच. ठरलं. जिवंत आहेत, एवढंच सांगेन. मुलींचं नाही.

९ नोव्हेंबर

चाळिसाव्याला चर्चमध्ये वाटायचा गहू उकळला. आईने साखर, अक्रोड घातले, वर साखरेचाच क्रूस काढला. हात जराही थरथरला नाही.

१० नोव्हेंबर

चर्चमध्ये तीस-पस्तीस माणसं. पाद्र्याने मृतांत नाव घेतलं – वेन्को. पेना मावशी मोठ्याने रडली. आईने दारात दोन मेणबत्त्या घेतल्या, एक स्वतःला, एक मला. आमच्यात मेलेल्यांच्या मेणबत्त्या खाली वाळूत लावतात आणि जिवंतांच्या वरच्या थाळीत. खाली वाळू गच्च भरली होती, सगळ्यांनी बाबांसाठी लावलेल्या. मी वाकलो. आई वाकली नाही. सगळ्यांची पाठ वळलेली पाहून तिने आपली मेणबत्ती वर लावली, घट्ट रोवली. मग माझं मनगट धरून मला उभं केलं आणि हळूच म्हणाली, "इथे लाव. वर जागा आहे."